पायऱ्यांखालची विहीर

पहाटे ४.००

फज्रची अजान नुकतीच संपली आहे. मे महिना. रात्रभर दगड निवलेले नाहीत, पायाला कोमट लागतात. दिल्लीच्या जामा मशिदीच्या पूर्व दरवाजाच्या पायऱ्या उतरून आलं की खाली सूफी फकीर सरमदची मजार लागते. मजारीजवळ एक विहीर आहे. विहिरीवर चचा उभे आहेत.

वय साठीच्या पुढे. लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, अंगात बनियन, डोक्याला गमछा. कमरेवर, उजव्या बाजूला, कातड्याचा जाड तुकडा बांधलेला. त्याच्यावर मशक टेकते. चचा भिस्ती आहेत, कातडी पिशवीतून पाणी वाहणारे. वडील इथलेच भिस्ती, आजोबाही. नाव लिहू नका म्हणाले. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना चचाच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पोहरा खाली सोडतात. दोर तळव्यातून सरसर जातो. आवाज येईपर्यंत थांबायचं, मग दोराला एक हिसका द्यायचा, म्हणजे पोहरा आडवा होऊन भरतो. मग ओढायचं. हात, हात, हात. वर आलेलं पाणी थेट मशकेत. असे पाच पोहरे शेंदले की मशक भरते. सुमारे तीस लिटर.

मशक म्हणजे अख्ख्या बकऱ्याचं कातडं. पाय शिवून बंद केलेले, मान तेवढी उघडी. मानेतून भरायचं, मानेतूनच ओतायचं. भरताना ती फुगत जाते आणि काळसर कातडं ताठ होऊन चमकायला लागतं. चचा मान एका मुठीत आवळतात, पट्टा खांद्यावर घेतात, गुडघे वाकवतात आणि एका दमात उठतात. उठताना तोंडातून ‘या अब्बास’ निघतं. वर पायऱ्यांवर नमाजाला जाणारे लोक झपझप चढत आहेत. पूर्वेला पस्तीस पायऱ्या आहेत. चचा उलट दिशेला, मटिया महालकडे चालू लागतात.

पहाटे ४.३०

पहिलं गिऱ्हाईक नहारीवाला. रात्रभर मंद आचेवर शिजलेली मांसाच्या रश्श्याची देग आता उघडायची आहे आणि पाच वाजता दुकानासमोर रांग लागेल. आत एक पोरगा पितळी पातेली घासतो आहे. चचा पिंपावर मशक वाकवतात आणि मुठीची पकड थोडी सैल करतात. धार हवी तेवढीच पडते. एक थेंब बाहेर जात नाही. मला वाटलं होतं की खरा जोर उचलण्यात लागत असेल. चचा म्हणाले, उचलणं कुणालाही जमेल, मूठ जमायला पाच वर्षं लागतात.

एका मशकेचे तीस रुपये. माडीवर न्यायची असेल तर चाळीस. नहारीवाल्याकडे पाच मशका, चहाच्या टपरीवर दोन, कोंबडी कापणाऱ्यांच्या दुकानांत चार. अकरा फेऱ्या. नळ आहेत ना, मी विचारलं. आहेत. पण नळाला पाणी येतं त्याच्या वेळेने, आणि कोंबडीवाल्याला फळी धुवायची असते ती त्याच्या वेळेने. हा सगळा धंदा या दोन वेळांच्या मधल्या फटीत उभा आहे.

पावणेसहा

ऊन घुमटांवर आलं. तीन घुमट, पांढऱ्या संगमरवराचे, त्यांच्यावर काळ्या दगडाच्या उभ्या रेघा. दोन बाजूंना दोन मिनार, सुमारे चाळीस मीटर उंच, तांबड्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचे. गल्लीतून पाहिलं तर सगळी मशीद आभाळात उचलून धरल्यासारखी दिसते. तशी ती आहेच उंचावर. इथे भोजला पहाडी नावाची टेकडी होती. शाहजहानने राजधानी आग्र्याहून दिल्लीला आणली १६४८ साली. दोन वर्षांनी, ६ ऑक्टोबर १६५० रोजी, या टेकडीवर मशिदीचा पाया घातला. वजीर सादुल्ला खान याची देखरेख. पाच हजारांहून जास्त माणसं रोज कामावर. सहा वर्षं. १६५६च्या जुलैमध्ये मशीद नमाजासाठी खुली झाली. बुखाऱ्याहून बोलावून घेतलेले सय्यद अब्दुल गफूर शाह पहिले इमाम झाले.

खर्च दहा लाख रुपये. हा आकडा कुठल्या बखरीत शोधावा लागत नाही, तो मशिदीवरच कोरलेला आहे. कमानींच्या वर पांढऱ्या संगमरवरात काळ्या अक्षरांचे लेख आहेत. ते नूरुल्ला अहमद याच्या हातचे. त्याचा बाप उस्ताद अहमद लाहौरी, ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो. बादशहाचं नाव, वर्षं, खर्च, सगळं तिथे आहे. पाच हजार माणसांना पाणी कुणी पाजलं ते नाही. सहा उन्हाळे. चुना कालवायला पाणी, दगड घासायला पाणी, प्यायला पाणी. टेकडीवर ते आपोआप चढलं नसणार. चचांना विचारलं तर त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याला नुसता हात लावला.

सकाळी ७.१५

फेऱ्या संपल्या. नहारीवाला चचांना एक वाटी नहारी आणि दोन खमिरी रोट्या देतो. त्याचे पैसे नाहीत. चहा मात्र विकतचा, दहा रुपये.

खाऊन झाल्यावर मशकेची दुरुस्ती. मागच्या डाव्या पायाच्या शिवणीतून पाणी पाझरतंय. चचा खिशातून मेणाचा गोळा काढतात, दोऱ्यावरून दोनदा फिरवतात, मोठ्या सुईने चार टाके घालतात आणि वरून मेण चोळतात. दोरा आणि मेण मिळून आजचे तीस रुपये. नवी मशक तीन हजारांच्या आसपास पडते. जपून वापरली तर वर्ष काढते, हयगय केली तर चार महिन्यांत फाटते. ती सुकू द्यायची नाही हा पहिला नियम. सुकली की भेगा पडतात. म्हणून आजारी असले तरी चचा रोज एकदा विहिरीवर येऊन मशक भिजवून जातात. मशका शिवणारे कारागीर फार थोडे उरलेत. भिस्तीसुद्धा. या मोहल्ल्यात आता बोटांवर मोजावेत इतके.

‘तुमच्या मुंबईत होते,’ चचा म्हणाले. ‘माझा मामेभाऊ भेंडीबाजारात मशक वाहायचा. तिथल्या दुकानदारांना सकाळी दुकानासमोर सडा लागायचा.’ आपल्याकडच्या खेड्यांत पखालजी होता. त्याची पखाल मोठी, रेड्याच्या पाठीवर लादायची. इथे गल्ल्या अशा की रेडा वळणारच नाही. माणसाच्या कमरेवरची मशकच इथे चालते.

मग त्यांनी निजाम भिस्त्याची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या बिरादरीत प्रत्येक मुलाला सांगतात. १५३९ साली चौशाच्या लढाईत शेरखानाने हुमायूनला गाठलं. बादशहा गंगेत घोड्यासकट बुडत होता. एका भिस्त्याने फुगवलेली मशक त्याच्या हाती दिली आणि पैलतीराला लावलं. पुढे हुमायूनने त्याला थोड्या काळापुरतं तख्तावर बसवलं. त्याने म्हणे कातड्याची नाणी चालवली. चचा ही गोष्ट अभिमानाने सांगतात. सांगताना हात थांबत नाही, सुई चालूच असते.

सकाळी ९.००

चितली कबरच्या बाजूला एका गल्लीत तिसरा मजला. जिना इतका अरुंद की चचा तिरके चढतात, मशक पुढे, खांदा मागे. भिंतीला कातडं घासून घासून चुना निघालाय, तिथे एक गुळगुळीत काळा पट्टा पडलाय. वर एक वृद्ध बाई राहतात, आपा. त्यांच्याकडे नळाचं पाणी पोहोचायला खालच्यांची मोटर बंद असावी लागते. तीन मशका, चाळीसच्या दराने एकशे वीस. आपा पैसे आधीच मोजून तांदळाच्या डब्याखाली ठेवतात.

‘पाणी आज गढूळ वाटतंय, मियाँ,’ आपा म्हणाल्या.

‘विहिरीचं आहे आपा, नदीचं नाही. तासभर ठेवा, बसेल.’

गोड्या विहिरीची किंमत या शहराला जुनी ठाऊक आहे. शाहजहानच्या वेळी अली मर्दान खानाच्या नावाचा कालवा शहरात आणला. चांदणी चौकाच्या मधोमध त्याचं पाणी वाहायचं. अठराव्या शतकात बादशाही खिळखिळी झाली, कालव्याकडे कुणी पाहिलं नाही आणि तो कोरडा पडला. १७८४ साली बादशहा शाह आलमने महादजी शिंद्यांना वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशाहीचा मुख्य कारभारी, केलं. तेव्हापासून १८०३पर्यंत बहुतेक काळ दिल्लीच्या कारभारावर शिंद्यांचा अंमल होता. त्या सगळ्या वर्षांत कालवा कोरडाच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत दिल्लीवरचा भगवा असतो. त्या दिल्लीची तहान विहिरी भागवत होत्या आणि विहिरीपासून चुलीपर्यंत पाणी भिस्ती नेत होते, हेही त्या पुस्तकांत यायला हवं असं मला मनापासून वाटतं. कालवा पुन्हा वाहता झाला तो इंग्रजांच्या वेळी, १८२०च्या सुमारास.

सकाळी १०.४५

आज जुमा, शुक्रवार. चचा मशक विहिरीवर ठेवून, भिजवून, वर निघाले. पस्तीस पायऱ्या, मध्ये एकदा थांबून. चपला हातात.

दरवाजातून आत पाऊल टाकलं की एकदम मोकळं आभाळ. मशिदीचं आंगण जवळजवळ शंभर मीटर लांब आणि तितकंच रुंद. इथे पंचवीस हजार माणसं नमाजाला उभी राहू शकतात. आज एवढी येणार नाहीत, पण तयारी चालू आहे. चार जण लांब चटयांची गुंडाळी खांद्यावर घेऊन येतात, एक टोक पायाने दाबतात आणि ढकलून उलगडतात. हे तांबडे दगड बारापर्यंत असे तापतात की अनवाणी पाऊल टेकवत नाही. चटई म्हणजे चालायची वाट. चटई अंथरणाऱ्या पोराचे स्वतःचे पाय मात्र दगडावरच असतात. तो टाचा उचलून चालतो.

मधोमध हौज. काठावर बसून लोक वुजू करतात, नमाजाआधी हात, तोंड, पाय धुतात. दोन सफाईवाले लांब दांड्याच्या जाळीने पाण्यावरची पिसं आणि शेवाळ काढताहेत. कबुतरं उडतात, परत येतात. त्यामुळे पिसंही परत येतात. हौजाच्या काठाशी दगडी कठड्याने वेढलेली एक छोटी जागा आहे. महालातल्या एका सेवकाला स्वप्नात पैगंबर इथे बसलेले दिसले, म्हणून १७६६ साली ती राखली गेली.

या हौजात पाणी यायचं कसं? टेकडीच्या खडकात विहीर खोदली होती आणि तिच्यावर रहाट. बैल फिरायचे, मडक्यांची माळ वर यायची, पाणी पन्हळीतून हौजापर्यंत. आता मोटर आहे. चचांच्या आजोबांना मात्र रमजानात, दुपारी, मशकेने वर पाणी आणून तहानलेल्या मुलांना आणि प्रवाशांना पाजल्याचं आठवायचं. चचा स्वतः मशक घेऊन वर येत नाहीत. गुडघा नको म्हणतो.

ते नमाजाच्या दालनाकडे गेले. अकरा कमानी. आत फरशीवर काळ्या संगमरवराच्या कडा बसवून एकेका नमाज्याची जागा आखलेली, अशा ८९९ जागा. बाहेर आंगणातली फरशी बऱ्याच ठिकाणी झिजून खोलगट झाली आहे. फरशीसाठी पैसे मागण्याची वेळ आधीही आलेली आहे. १९४८ साली चौथा हिस्सा फरशी दुरुस्त करायला हैदराबादच्या निजामाकडे पंच्याहत्तर हजार मागितले होते. त्याने तीन लाख मंजूर केले, सगळीच फरशी करा म्हणून. आज ही मशीद पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत नाही. तरी १९५६पासून खास बाब म्हणून खातं इथे दुरुस्तीची कामं करत आलं आहे. सांधे भरणं, निखळलेला दगड बदलणं, गळती थांबवणं. असं काम कधीच पुरं होत नाही.

दुपारी १२.१५

मटिया महालच्या बाजूचा दक्षिण दरवाजा. तेहतीस पायऱ्या. पायऱ्यांच्या तळाशी एका कापडवाल्याने सबील लावली आहे, म्हणजे फुकट पाण्याची पाणपोई. दोन रांजण, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, आणि साखळीला बांधलेले सहा पेले. पाणी चचांचं. सहा मशका. कापडवाला चारचे पैसे देतो, एकशे वीस. दोन मशका चचांच्या स्वतःच्या, सवाबासाठी, म्हणजे पुण्यासाठी.

भिस्ती स्वतःला अब्बासी म्हणवतात. करबलाच्या मैदानात हजरत अब्बास तहानलेल्या मुलांसाठी फुरात नदीवरून मशक भरून आणायला गेले आणि परत आले नाहीत. त्यांचा वारसा आपण चालवतो अशी ही भावना आहे. चचा सुन्नी आहेत. तरी मोहरमच्या दिवसांत पाण्याचे पैसे घेत नाहीत. पहाटे मशक उचलताना निघालेलं नाव तेच.

साडेबाराला ऊन अंगावर कोसळत होतं. विहीर पूर्वेला, सबील दक्षिणेला. भरलेली मशक घेऊन एक फेरी सात-आठ मिनिटांची. गर्दी वाढली तशी दहाची. चचा ‘बचके, बचके’ म्हणत वाट काढतात. पाण्याने भिजलेली कमर आणि घामाने भिजलेली पाठ, दोन्ही एकच झालंय. चौथ्या फेरीला ते विहिरीच्या कठड्यावर बसले. कपाळावर हात. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी नको म्हटलं आणि पोहऱ्यातलं पाणी ओंजळीने प्यायले.

दुपारी १.३०

नमाज. वर आंगण भरलं, दालन भरलं, उशिरा आलेले पायऱ्यांवर रुमाल टाकून उभे राहिले. चचा तिसऱ्या पायरीवर. इतकी माणसं एकदम वाकतात तेव्हा कपड्यांचा एक मोठा सळसळ आवाज होतो.

एक काळ असा गेला की इथे नमाज नव्हती. १८५७च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि मशीद जप्त केली. आंगणात पलटणीतले शिपाई राहिले, चुली पेटल्या. ती पाडून टाका असं म्हणणारेही होते. मशीद वाचली, आजूबाजूचं वाचलं नाही. शेजारचा दार-उल-शिफा हा दवाखाना गेला, दार-उल-बका हा मदरसा गेला. लाल किल्ल्यासमोर तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून घरं, बाजार, अकबराबादी मशीद, सगळं जमीनदोस्त झालं. फतेहपुरी मशीद लिलावात व्यापारी लाला चुन्नामल यांनी एकोणीस हजारांना घेतली. जामा मशीद मुसलमानांना परत मिळाली १८६२ साली, अटींवर.

शायर गालिब त्या दिवसांत शहरातच होता. जामा मशिदीपासून राजघाट दरवाजापर्यंत सगळं उजाड झाल्याचं त्याने मित्रांना पत्रांतून कळवलं. त्याच पत्रांत विहिरींचंही दुःख आहे. मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या गोड्या विहिरी खाऱ्या झाल्या, बुजल्या, आणि विहिरी गेल्या तर या शहराचं करबला होईल अशी भीती त्याने व्यक्त केली. गालिबचं हे वाचून कित्येक वर्षं झाली होती. या विहिरीच्या कठड्यावर बसून ते नीट कळलं.

दुपारी २.१५

नमाज सुटली. सबिलीवर झुंबड. सहा पेले हातोहात फिरतात. एक बाप आधी पोराला पाजतो, मग उरलेलं स्वतः पितो. एक पोलीस येतो, दोन पेले पितो, तोंडावर पाणी मारतो. वीस मिनिटांत रांजण रिकामे. चचा त्यांच्यात हात घालून तळ तपासतात. गाळ नाही, म्हणजे समाधान.

याच पायऱ्यांवरून आणि याच आंगणात मोठमोठी भाषणं झाली. ४ एप्रिल १९१९ला स्वामी श्रद्धानंद इथे बोलले, रौलट कायद्याच्या विरोधात शहर पेटलेलं असताना. हिंदू संन्यासी मशिदीत उभा राहून बोलतो आणि हजारो लोक ऐकतात, अशी ती दुपार होती. १९४७च्या ऑक्टोबरात मौलाना आझाद बोलले. पाकिस्तानला निघालेल्या लोकांना त्यांनी थांबायला सांगितलं. चचांचे आजोबा त्या गर्दीत होते. बिरादरीतले कितीतरी गेले. आजोबांनी मशक खाली ठेवली नाही. मौलानांची कबर इथून जवळच आहे, मशीद आणि लाल किल्ला यांच्या मध्ये. चचा तिकडून जाताना सलाम करतात.

दुपारी ३.००

जेवण. कोपऱ्यावरच्या खानावळीत आलू-गोश्त आणि दोन रोट्या, साठ रुपये. मग मजारीच्या सावलीत आडवे. मशक शेजारी, ओल्या गोणीखाली.

चचांचा मोठा मुलगा ई-रिक्षा चालवतो. पुतण्या वीस लिटरचे पाण्याचे जार पोहोचवतो. थंडगार, बंद झाकणाचे. त्याच गल्ल्या, बरीचशी तीच दुकानं. चचांची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. ‘त्याचं बरं आहे,’ चचा म्हणाले. ‘त्याला हातगाडी आहे. त्याची कमर शाबूत राहील.’ पुतण्या येताजाता काकांना एक बाटली थंड पाणी ठेवून जातो. चचा ती आपांना नेऊन देतात.

दुपारी ४.३०

शरबतवाल्याची गाडी लागली. दूध, रूह अफजा, कलिंगडाचे बारीक तुकडे आणि बर्फ. बर्फाची सिल्ली सायकल-रिक्षातून येते, गोणपाटात गुंडाळून. ती फोडायला टोच्या. रूह अफजा इथलंच. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली जुन्या दिल्लीत हमदर्दचा दवाखाना काढला, त्यातून हे सरबत निघालं. गाडीला चचांच्या दोन मशका लागतात, पेले विसळायला. साठ रुपये. अत्तरवाल्याच्या दुकानासमोर एक मशक सडा. तिथे चचा मान अंगठ्याने अर्धी दाबून पाणी फवारल्यासारखं फेकतात, अर्धवर्तुळात, धूळ बसेल पण चिखल होणार नाही इतकंच. तापलेल्या दगडावरून वाफ उठते आणि अत्तराच्या वासात मातीचा वास मिसळतो. अत्तरवाला तीस रुपये देतो आणि वर चचांच्या मनगटावर खसाची काडी फिरवतो. हे रोजचं आहे.

संध्याकाळी ६.००

कोळसे पेटले. कबाबवाल्याला सहा मशका हव्यात, सातच्या आत. धूर, हॉर्न, बकऱ्या, हातगाड्या, परदेशी पाहुणे, मेट्रोतून उतरलेली कॉलेजची पोरं. २०१७ साली जामा मशीद नावाचं मेट्रो स्थानक झाल्यापासून संध्याकाळची गर्दी दुप्पट झाली असं कबाबवाला सांगतो. गर्दी वाढली की ताटं वाढतात, ताटं वाढली की धुणं वाढतं. चचांना हे गणित आवडतं.

दक्षिणेच्या पायऱ्यांशी कबाब हे काही आजचं नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८४७ साली ‘आसार-उस-सनादीद’ या ग्रंथात दिल्लीच्या इमारतींची नोंद केली, तेव्हा मशिदीच्या तिन्ही बाजूंचे बाजारही टिपले. दक्षिणेला कबाबवाले, सरबत आणि फालुदावाले, कोंबड्या आणि अंडी विकणारे. उत्तरेला मदारी आणि दास्तानगो, मोढ्यावर बसून रात्र होईपर्यंत कथा सांगणारे. पूर्वेला कापडाचा गुजरी बाजार आणि कबुतरं विकणारे. दास्तानगोंतला शेवटचा नामांकित, मीर बाकर अली, १९२८ साली गेला. कबाब राहिले. कबुतरंही. त्या गर्दीत पितळी कटोऱ्या एकमेकींवर वाजवत पाणी पाजणारे सक्के असत. त्या कटोऱ्यांचा नाद हीच त्यांची आरोळी. चचांच्या घरी आजोबांच्या दोन कटोऱ्या आहेत. नातवंडं खेळतात.

सहावी मशक ओतली. कबाबवाला आठवड्याने हिशेब करतो. आजचे एकशे ऐंशी वहीत.

संध्याकाळी ७.१५

मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली आणि पाठोपाठ वारा सुटला. पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. दुकानांचे ताडपत्री पडदे फडफडायला लागले, शरबतवाल्याने दुधाच्या भांड्यावर आडवा हात धरला. सगळ्यांच्या नजरा आपोआप वर मिनारांकडे गेल्या. जुन्या इमारतीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वादळाची वेगळी भीती असते. ३० मे २०२२च्या वादळात मधल्या घुमटावरचा कळस तुटला होता, त्याच्या आदल्या वर्षी मिनाराचा दगड निखळून खाली आला होता. आज काही पडलं नाही. पावसाचे चार थेंब आले आणि गेले. चचांनी विहिरीवर पत्रा ओढला, धूळ जाऊ नये म्हणून, आणि त्याच्यावर दोन दगड ठेवले.

रात्री ९.१५

इशा, रात्रीची नमाज, झाली. चचा विहिरीपाशी बसून पैसे मोजतात. दहाच्या नोटा वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या, भिजलेल्या नोटा कठड्यावर पसरलेल्या. एकोणतीस मशका वाहिल्या. म्हणजे पावणेनऊशे लिटरच्या जवळपास पाणी, एका माणसाच्या एका कमरेवरून. दोन सवाबाच्या सोडून कमाई आठशे चाळीस. त्यातले एकशे ऐंशी वहीत, म्हणून रोख सहाशे साठ. चार चहा चाळीस, जेवण साठ, दोरा आणि मेण तीस, विहिरीच्या देखभालीला पन्नास. हातात राहिले चारशे ऐंशी. खोलीचं भाडं महिन्याला चार हजार. हिवाळ्यात पाण्याला मागणी निम्म्यावर येते, म्हणून मे-जूनमध्ये जमेल तेवढं बाजूला काढायचं. हकिमाने गुडघ्याला तेल दिलंय, तीनशेची बाटली. ती पुढच्या जुम्याला घेणार.

नोटा सुकेपर्यंत चचा मशक उलटी करून रिकामी करतात, आतून चूळ भरल्यासारखं पाणी फिरवून टाकतात, बोटाने आजचे टाके तपासतात. टाके धरलेत.

तेवढ्यात फोन वाजला. चावडी बाजाराच्या बाजूला एका इमारतीची मोटर जळली आहे. चौथ्या मजल्यावरची टाकी भरायची, बारा मशका, उद्याच. चचांनी साठ सांगितले. तिकडून चाळीस. चौथा मजला आहे मियाँ, चचा म्हणाले, आणि जिना तुमचा मी पाहिलाय. पन्नासवर तुटलं, वर दोन चहा. नहारीवाल्याचं उरकून साडेसातला येतो म्हणाले, आणि जिन्यातल्या सायकली आधी हलवून ठेवायला सांगितलं.